मोठ्या बीकरातला चहा

काचेवर चांदी उगवते. लावावी लागत नाही, उगवते. हे मी इतक्या वर्षांत इतक्या जणांना सांगितलं, तरी आमच्या कळंबला अजून तेच म्हणतात, "काचेला चांदी लावती म्हणं पोरगी, आन् स्वतःच्या हाताला मेंदी लावायचं बघंना." वडील त्यातल्या त्यात बरे. ते एकदा म्हणाले, "चांदीचंच काम करतीयास तर आईला जोडवी तरी कर की." मी म्हणाले, "आबा, एका जोडव्यात माझं सात जन्मांचं काम होईल." तर म्हणतात, "मग कसली गं तुझी चांदी?" मला राग आला. तो मला लगेच येतो.

माझं तोंड फटकळ आहे, हेही आत्ताच सांगून टाकते. पुढं त्याचाच संबंध आहे.

बारामतीतल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. पोरांची प्रॅक्टिकलं संपली की त्याच लॅबमध्ये माझं पीएचडीचं काम चालायचं. काम सांगायला सोपं आहे. काच लख्ख घासायची, चांदीचा क्षार विरघळलेल्या पाण्यात बुडवायची, त्यात ग्लुकोज घालायचं आणि कोमट करायचं. जरा वेळानं काच पिवळसर दिसायला लागते. ते पिवळं म्हणजे चांदीचे कण, इतके बारीक की कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाच्या बापालाही दिसायचे नाहीत. मग ती काच एका मोठ्या बीकरात, म्हणजे आमच्या काचेच्या पातेल्यात, पाण्यानं खळबळून घ्यायची. वाळली की वर एका चमकत्या रंगाचा थेंब पसरायचा. या रंगावर हिरवा उजेड टाकला की तो नारिंगी उजेड परत देतो. चांदी शेजारी असली तर तोच उजेड कितीतरी पटीनं वाढतो. पाण्यातलं विष किंवा रक्तातली रोगाची खूण इतकी थोडी असते की एरवी ती दिसतच नाही. अशा वाढलेल्या उजेडात ती दिसू शकते. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

यात एक मेख आहे. रंग चांदीला थेट चिकटला तर उजेड वाढायच्या ऐवजी विझतो. फार लांब राहिला तर चांदी असून नसल्यासारखी. मधे केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर लागतं, आणि ते ठेवायला लोक चांदीवर मुद्दाम एखादा पातळ थर देतात. मी देत नव्हते. माझ्या काचा तशाच उजळत होत्या. का उजळतात याचं माझ्यापुरतं एक भारी स्पष्टीकरण मी तयार केलं होतं, कणांच्या आकारावरून. त्यावर पेपर छापून आला, प्रबंधात चाळीस पानांचं प्रकरण झालं. मी भलतीच खूश होते.

खूश असले तरी सांगायला कुणी नव्हतं. बारामतीत भाड्याची खोली, मेसचा डबा, शनिवारी दुपारची कळंबकडं जाणारी एसटी आणि रविवारी संध्याकाळची परतीची. कॉलेजातल्या बाकीच्या मॅडमना मुलांच्या शाळा, सासरची लग्नं. त्यांच्यात बसलं की मी आपली भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची. मला एकटं वाटायचं, आणि ते कुणाला सांगायचं तर आधी कुणीतरी लागतं ना.

लॅबमध्ये माझ्याबरोबर एकच माणूस असायचा. लॅबच्या शिपायाला आमच्याकडं मामा म्हणतात, म्हणून मामा. कन्हेरीचे होते, निवृत्तीला आलेले. मोटरसायकलवरून यायचे, हँडलला दुधाची छोटी किटली अडकवलेली. घरची गाय होती. साडेचारला पोरं गेली की ते आतल्या खोलीत चहा ठेवायचे आणि स्टीलचा पेला माझ्यासमोर आणायचे. "घ्या म्याडम." मी मान वर न करता घ्यायची. पेला ठेवायला दुसरी जागा नसायची, म्हणून वहीवरच ठेवायची. दोन वर्षं हे चाललं. आमचं बोलणं म्हणजे एवढंच. हां, एक विचारायचे ते. खिडकीजवळ येऊन, हात मागं बांधून, "उगावली का चांदी?"

लावली का नाही, उगावली का. शेतातला माणूस, त्याला तो फरक न सांगता कळला होता. काच उजेड मोजायच्या यंत्रात घातली आणि आकडा वर गेला की ते म्हणायचे, "आज पेटली बगा." मी हं म्हणायची.

मग तो दिवस आला. आदल्या रात्री घरून फोन झाला होता. एक स्थळ होतं, मला तसं पसंत होतं, त्यांच्याकडून 'पोरगी फार शिकलेली' असा निरोप आला. सकाळपासून डोकं फिरलेलंच. त्यात प्रॅक्टिकल लवकर आटोपलं, आणि मी काही बाटल्या आणायला आतल्या खोलीत गेले. बघते तर बर्नरवर माझा मोठा बीकर, त्यात दूध उकळतंय, आणि शेजारी हातभर अंतरावर चांदीच्या क्षाराची बाटली.

माझा तोल गेला. "अक्कल आहे का तुम्हाला? लॅबच्या भांड्यात चहा? इथं विषं ठेवलेली असतात, जीव घ्यायचाय का कुणाचा? तीस वर्षं काय शिकलात?" मागं फर्स्ट इयरच्या चार मुली उभ्या होत्या, जर्नलवर सही घ्यायला आलेल्या. त्यांच्यासमोर मी हे बोलले. मामांनी बर्नर बंद केला. फडक्यानं धरून बीकर उचलला आणि दूध मोरीत ओतलं, सगळं, सायीसकट. म्हणाले, "चुकलं म्याडम." मुली खाली बघत होत्या.

आता खरं सांगायचं तर मी बरोबर होते. लॅबच्या भांड्यात खायचं-प्यायचं नाही, हे तर आम्ही पहिल्या तासाला शिकवतो. तिथंच पंचाईत झाली. चूक माझी असती तर दोन दिवसांत जाऊन माफी मागितली असती. बरोबर असलेल्या माणसाला माफी सुचत नाही. दोन वर्षं तोच चहा मी मिटक्या मारत प्यायले होते, तो कशात होतो हे एकदाही विचारलं नव्हतं, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातच आली नाही.

चहा बंद झाला. मामा साडेचारला गेटबाहेरच्या टपरीवर जायला लागले आणि अर्ध्या तासानं परत येऊन कुलपं घेऊन बसायला लागले. "उगावली का" हेही बंद झालं. चार महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मी मागं उभी होते. त्यांना शाल घातली, नारळ दिला, सगळ्यांनी फोटो काढले. गर्दी ओसरल्यावर भेटू म्हटलं, तर गर्दी ओसरली तेव्हा ते निघून गेले होते.

चहा बंद झाला त्याच सुमारास माझ्या काचाही उजळेनाशा झाल्या होत्या. मी म्हटलं, हवा बदलली. पाऊस आहे, लाइट कमी-जास्त होतेय, यंत्राचा दिवा म्हातारा झालाय. तसंही आकडे पुरेसे जमले होते, म्हणून लिहायला बसले. लॅबमध्ये आता मी आणि घड्याळ. नवीन माणूस नेमलाच नाही. बीकर मीच धुवायची, साबण लावून, ब्रशनं खसाखसा, वर दोनदा शुद्ध पाणी. इतकी स्वच्छ लॅब आमच्या कॉलेजानं कधी बघितली नसेल.

प्रबंध पुण्याला गेला आणि महिन्याभरानं बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलं. चांदीवर मधला थर न देता इतका उजेड मिळणं पटत नाही, उमेदवारानं समोर करून दाखवावं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पटत नाही म्हणजे? पुण्याला गेले, माझ्या गाइडसरांच्या लॅबमध्ये त्यांच्या समोर तीन काचा केल्या. तिन्ही छान पिवळ्या झाल्या. रंग पसरला, यंत्रात घातल्या. साध्या काचेवर जेवढा उजेड येतो, तेवढाही आला नाही. विझलेल्या होत्या तिन्ही.

सर मला बाहेर जिन्यात घेऊन गेले. मोठा सज्जन माणूस, कधी आवाज चढवत नाही. हळूच म्हणाले, "आकडे खरे आहेत ना? एकदाच विचारतो."

मला मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. मी खरे आहेत म्हणाले, तर ते म्हणाले, "मग महिन्याभरात करून दाखव. नाहीतर ते प्रकरण काढू आणि पेपर मागं घेऊ." पेपर मागं घेतलेला माणूस म्हणजे काय, हे आमच्या क्षेत्रात पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्याच्यावर शिक्का बसतो खोटारडा म्हणून, आणि तो पुसत नाही. पीएचडी गेली असती तर मी रडून मोकळी झाले असते. पण खोटं हा शब्द मला लागायला नको होता. फटकळ म्हणा, भांडखोर म्हणा, मी खोटं कधी बोलले नव्हते.

तीन आठवडे मी वेड्यासारखी खपले. पाणी बदललं, काच बदलली, ग्लुकोजची नवी बाटली फोडली. अंगण वाकडं आहे म्हणून सगळं अंगण उकरून झालं. एका शनिवारी तर कळंबला गेलेच नाही. आबांचा फोन आला, "का गं, आली न्हाईस?" मी म्हणाले, "काम आहे." "चांदीचं व्हय? उगंच जिवाला लावून घेऊ नगंस. जेवलीस का?" मी हो म्हणाले. जेवले नव्हते. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, नंतर ऊस लावला, त्याला मी काय सांगणार होते की तुझ्या लेकीला लोक लबाड म्हणतायत.

शेवटी जुन्या वह्या काढल्या. लॅबच्या मोठ्या टेबलावर ओळीनं उघड्या मांडल्या, चांगल्या दिवसांच्या एका बाजूला, वाईट दिवसांच्या दुसऱ्या. तापमान वाचलं, वेळा वाचल्या, काही फरक नाही. वाचून वाचून डोळे दुखायला लागले, म्हणून जरा मागं सरले आणि उभ्या उभ्या नुसत्या वह्यांकडं बघितलं. तेव्हा दिसलं. चांगल्या दिवसांच्या पानांवर तपकिरी गोल होते. पेल्याच्या बुडाचे. प्रत्येक पानावर एक, कुठं दोन. दुसऱ्या बाजूच्या पानांवर एकही नाही, कोरी करकरीत.

शेवटचा गोल ज्या पानावर होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मामांना बोलले होते.

काखेत कळसा म्हणतात तो हा. दूध तापलेला बीकर, त्यात माझ्या काचा खळबळायच्या. दुधातलं प्रथिन काचेला, चांदीला पटकन धरतं आणि पातळसा थर होतो, अगदी लागतो तेवढा. थर मी देत नव्हते. मामा देत होते. मी स्टुलावर बसून हसायला लागले, आणि मग हसू थांबेना म्हणून तोंडावर हात धरला. अजून हा अंदाजच होता. खात्री करायची तर कन्हेरीला जावं लागणार होतं.

रविवारी सकाळी स्कूटी काढली. रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टरमागं पंधरा मिनिटं अडकले, त्यालाही शिव्या घातल्या. मामा गोठ्यात होते. मला बघून हातातली पाटी खाली ठेवली. बाज टाकली, पाणी दिलं, त्यांच्या घरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मामा, एक विचारायचंय. चहाचं दूध तुम्ही कशात तापवायचात?"

त्यांचा चेहराच उतरला. "म्याडम, त्या दिसापास्नं एक थेंब तापवला न्हाय. गळ्याशपथ."

"त्याच्या आधी?"

"झालं त्ये झालं की आता. माझी पेन्शनची कागदं अजून निघायची हायती हापिसातनं. आता कशाला उकरून काढताय?"

हा माणूस मला घाबरत होता. मी तक्रार करायला आलेय असं त्याला वाटत होतं, स्वतःच्या दारात, स्वतःच्या बाजेवर. माझ्या तोंडाची मला खरी लाज वाटली ती तेव्हा. मी त्यांना सगळं सांगितलं. पुण्यात काय झालं, सर काय म्हणाले, वह्यांवरचे गोल. ते खाली बसून ऐकत राहिले.

"म्हंजे दुदानं पेटत हुती व्हय?"

"तसं वाटतंय. म्हणून विचारते, बीकर धुवायचात कशानं?"

"नुसत्या पान्यानं. साबनाचा वास चाला लागतुया."

काकू म्हणाल्या, "घरात कधी कप इसळला न्हाय ह्यांनी, तितं धुत हुते ह्येच लई झालं." मामा हसले. मग लगेच गंभीर झाले. किटलीत दूध घालून दिलं, तीच जुनी किटली, आणि स्कूटीपाशी येऊन म्हणाले, "म्याडम, जमलं तर लई ब्येस. पर माझं नाव नगा काढू. तीस वर्सं कुनाचा बोल लागू दिला न्हाय. लोक म्हन्तील, लॅबच्या भांड्यात चा करत हुता." मी शब्द दिला. म्हणून इथंही नाव नाही.

कॉलेजात कुणी नव्हतं. मोठ्या बीकरात दूध उकळलं, ओतून टाकलं, नुसत्या पाण्यानं दोनदा खळबळला, जसा ते करत असतील तसा. मग त्यात पाणी घेऊन काचा धुतल्या. वाळवल्या, रंग दिला, यंत्रात घातल्या. आकडा वर गेला. पुन्हा केलं, पुन्हा गेला. साबणानं धुतलेल्या बीकरातली काच घेतली, विझली. "पेटली बगा," मी मोठ्यानं म्हणाले, रिकाम्या लॅबमध्ये. हं म्हणायलाही कुणी नव्हतं. भरपूर रडले त्या दिवशी. आनंदाचं होतं, तरी एकटीनं रडायला नको वाटलं.

पुण्यात परीक्षकांसमोर सहा काचा केल्या, तीन दुधाच्या, तीन बिनदुधाच्या. कणांच्या आकाराचं माझं भारी स्पष्टीकरण मी स्वतःच्या हातानं खोडलं. आकडे खरे होते, कारण चुकीचं होतं, असं सरळ सांगितलं. परीक्षक बराच वेळ काचा बघत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "हे सगळं ठीक. पण तुमच्या लॅबमध्ये दूध आलं कुठून?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरसुद्धा.

मी म्हणाले, "चहा करत होते, सर. मीच. त्याच बीकरात."

सगळे हसले. परीक्षकही हसले, पुन्हा असं करू नका म्हणाले, आणि सही केली. सरांनी पाठीवर थाप मारली, डोळे ओले होते त्यांचे. खोटं बोलल्याचा आळ होता तोवर मी शब्दानं खरी होते, आणि सुटले ती एक थाप मारून. पण मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. उलट छाती फुगली होती, दिलेला शब्द पाळला म्हणून.

पुढच्या रविवारी पेढे घेऊन कन्हेरीला गेले. मामांच्या हातावर पेढा ठेवला आणि सगळी गोष्ट रंगवून सांगितली. "तुमचं नाव कुठंही आलं नाही बघा. चहा मीच करायचे, असं ठोकून दिलं."

"बरं केलं," ते म्हणाले. पेढा हातातच होता. "हसली का मानसं?"

"हसली की. खूप."

"आन् पुस्तकात बी तसंच ल्हिवलंय? तुमीच करत हुता म्हनून?"

"हो. म्हणजे, तुम्हीच म्हणालात ना..."

"व्हय व्हय. म्याच म्हनलो." त्यांनी पेढ्याचा एक तुकडा मोडला, बाकीचा काकूंकडं दिला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पर म्याडम, तुमाला तर चा करायला येत बी न्हाय."

मी पेढ्यांचा पुडा उगाच पुन्हा बांधायला घेतला.

तेच उठले. "बसा. ठेवतो मी." काकू म्हणाल्या मी करते, तर नको म्हणाले. आतून भांड्यांचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आवाज आला. मग त्यांची हाक आली, "साकर तुमाला कमीच ना?"

"कमीच," मी म्हणाले. त्यांना किती लागते ते मला ठाऊक नव्हतं.